फोटोत नसलेलं सांगताना

केंब्रिजच्या ‘बी-टू फर्स्ट’ या इंग्रजीच्या परीक्षेत तोंडी भागाचा दुसरा टप्पा फोटोंचा असतो. दोन परीक्षक बसलेले असतात. एक बोलतो, दुसरा न बोलता ऐकतो आणि गुण देतो. समोर दोन उमेदवार. त्यांतल्या एकापुढे दोन फोटो ठेवले जातात. समजा, एकात काही माणसं डोंगरात तंबू ठोकताहेत आणि दुसऱ्यात एक कुटुंब हॉटेलच्या तलावाकाठी बसलं आहे. वर प्रश्न छापलेला असतो : या लोकांनी सुट्टी अशी घालवायचं का ठरवलं असेल? उमेदवाराने दोन्ही फोटोंची तुलना करायची आणि प्रश्नाला उत्तर द्यायचं. वेळ एक मिनिट. मग शेजारच्या उमेदवाराला त्याच फोटोंवर एक लहानसा प्रश्न, त्याला अर्धं मिनिट.

बहुतेक मुलं या मिनिटात यादी वाचतात. पहिल्या फोटोत चार माणसं आहेत. एकाने लाल जाकीट घातलं आहे. मागे झाडं आहेत. आकाश निळं आहे. मग दुसऱ्या फोटोची तशीच यादी. वाक्यं अनेकदा बिनचूक असतात, तरी परीक्षकाच्या हाती काही लागत नाही, कारण झाडं आणि आकाश त्यालाही दिसताहेत. त्याला हवं असतं ते दोन्हींपैकी कुठल्याच फोटोत नसतं. तंबू ठोकणाऱ्यांना ही गैरसोय हवीशी का वाटली असेल? तलावाकाठच्या त्या आईला या सुट्टीत खरंच सुट्टी मिळाली असेल का? हे छापलेलं नसतं. फोटो शेजारी ठेवल्यावर ते बघणाऱ्याच्या डोक्यात तयार व्हावं लागतं.

ते तयार होत नाही तेव्हा आपण औषध चुकीच्या जागी लावतो, असं मला वाटतं. मुलाचं इंग्रजी कच्चं आहे असं ठरवून त्याला शब्द पाठ करायला बसवतो. अडचण त्याच्या कितीतरी आधीची आहे. दोन गोष्टी शेजारी ठेवून मोठ्याने विचार करायची सवय त्याला कुणी लावलेली नाही. इंग्रजीत नाहीच, पण मराठीत नाही आणि घरच्या तेलुगूत, कन्नडमध्ये किंवा उर्दूतही नाही. ही सवय नसलेलं मूल इंग्रजीच्या परीक्षेत गप्प होतं आणि आपल्याला वाटतं, इंग्रजीमुळे गप्प झालं.

आमच्या सोलापुरातून परदेशी शिकायला जाऊ पाहणारी मुलं नेमकी हीच परीक्षा देतात असं नाही. बहुतेकांच्या तोंडी आयेल्ट्सचं नाव असतं. तिथे फोटो नसतो, विषयाचं कार्ड असतं. पीटीई या तशाच दुसऱ्या परीक्षेत पडद्यावर एक चित्र किंवा आलेख येतो. पंचवीस सेकंद विचाराला, चाळीस सेकंद बोलायला, आणि बोलायचं ते मायक्रोफोनमध्ये. ड्युओलिंगोच्या परीक्षेतही फोटोवर बोलावं लागतं. इंजिनिअरिंग कॉलेजात मुलाखतीला आलेली कंपनी फोटो दाखवत नाही, पण दोन पर्याय पुढे ठेवून ‘यातलं कुठलं बरं आणि का’ असं विचारतेच. रूप बदलतं, मागणी एकच राहते. समोर आहे ते सगळ्यांना दिसतंय, तुला त्यातून काय वाटतं ते सांग.

या मागणीवर बाजारात उपाय तयार आहे. त्याला टेम्प्लेट म्हणतात. सुरुवातीचं वाक्य ठरलेलं, शेवटचं ठरलेलं, मधल्या रिकाम्या जागा चित्राकडे एक नजर टाकून भरायच्या. चित्र कुठलंही येवो, साचा तोच. क्लास चालवणाऱ्यांवर मला तोंडसुख घ्यायचं नाही. वडिलांनी कर्ज काढलेलं असतं, परीक्षेची फी आयेल्ट्स असो की पीटीई हजारांत असते, आणि एखाद्या गुणाने प्रवेश हुकला तर घरात काय होतं ते मी पाहिलेलं आहे. बुडणाऱ्याने समोर येईल ते धरावं. पण साच्याची किंमत काय ते तरी माहीत असावं. साचा पाठ असलेला मुलगा चित्राकडे बघत नाही. बघितलं तर तो अडखळेल, कारण चित्र काहीतरी वेगळंच म्हणत असतं आणि त्याच्याजवळ वाक्य दुसरंच असतं. म्हणून न बघण्याची त्याला शिस्त लावली जाते. इंग्रजी बोलता यावं म्हणून सुरू झालेल्या शिक्षणाचा शेवट असा व्हावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शाळेत याची मुळं सापडतात. पहिली-दुसरीच्या पुस्तकात पानभर चित्र असतं, बाजाराचं किंवा जत्रेचं, आणि बाई विचारतात, चित्रात काय काय दिसतं? मुलं हात वर करून सांगतात. फुगेवाला, पाळणा, कुत्रा, आजी. सहा वर्षांच्या मुलासाठी हे अगदी योग्य आहे. नावं घेणं ही बघण्याची पहिली पायरी आहे. अलीकडे काही शाळांत चित्रगप्पा नावाने याच्या पुढचंही काही होऊ लागलं आहे. ही आजी कुठे निघाली असेल, कुत्रा तिच्या मागे का लागला असेल, असं विचारलं जातं. जिथे हे होतं तिथली मुलं बोलकी असतात. पण तिसरी-चौथीनंतर हा तास आटत जातो. चित्रवर्णन मग निबंधाच्या वहीत जातं, त्याचे दहा ओळींचे नमुने मिळतात, आणि सोळाव्या वर्षीही मुलगा फुगेवाला, पाळणा, कुत्रा इथेच उभा असतो. फक्त आता इंग्रजीत.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या मुलांनी किमान बारा वर्षं इंग्रजीचा तास भरलेला आहे. दहावीच्या भाषा विषयांत ऐंशी गुण लेखी आणि वीस गुण तोंडी अशी वाटणी आहे. मार्च २०१९ च्या परीक्षेत हे वीस गुण काढून टाकले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. मोठी ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी तोंडी गुण परत आले. त्या ओरडीत मुलांचं नुकसान झालं हे सगळेच म्हणत होते, आणि अकरावीच्या प्रवेशाच्या दृष्टीने ते खरंही होतं. पण वर्षभर मुलांना बोलायला मिळालं नाही तर काय बिघडतं, हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. बारा टक्क्यांचा फरक समोर होता आणि त्यातून आम्ही फक्त गुण वाचले. दोन निकाल शेजारी ठेवून तुलना करायची वेळ आपल्यावरही आली होती.

मी मुलांबरोबर दोन फोटोंचा हा खेळ अनेकदा केला आहे. कॉलेजात शिकणारी, बोलायला लाजणारी मुलं. मी दोन फोटो ठेवतो आणि सांगतो, इंग्रजी विसरा, मराठीत बोला, किंवा घरी ज्या भाषेत भांडता तिच्यात बोला. पहिल्यांदा यादीच येते. शब्द सगळे ओळखीचे असूनही यादीच. मग मी प्रश्न बदलतो. ‘तुलना करा’ हे म्हणायचं सोडून देतो आणि विचारतो, यांच्यातलं कोण आज आधी झोपेल? किंवा, फोटो काढणारा कोणाच्या ओळखीचा असेल? आणि वर्ग एकदम जिवंत होतो. कुणी फोटोतल्या सावलीवरून वेळ काढतो, कुणी चपलांवरून घरची परिस्थिती. एकमेकांचं खोडून काढायला लागतात. तुलना त्यांना येत नव्हती असं नाही. तुलना करायला त्यांना कारण दिलेलं नव्हतं.

सोलापूरचेच दोन फोटो घेऊ. पहिल्यात पूर्व भागातल्या एका बोळात उंबऱ्यावर बसलेली बाई. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, हातात कात्री. दुसऱ्यात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात उभी बाई. मागे यंत्रमाग, पुढ्यात टॉवेलांचा ढीग, ती एकेक टॉवेल पसरून कुठे धागा सुटलाय का ते बघते आहे. दोन्ही बायका एकाच वयाच्या, बहुधा एकाच समाजाच्या. त्यांचे आजे-पणजे तेलंगणातून मागावर काम करायला इथे आले असतील. यादी करायला गेलं तर दहा वाक्यांत संपते. पण वर प्रश्न असा छापा : या दोघींपैकी कोणाचा दिवस तिच्या स्वतःच्या हातात जास्त आहे?

पहिलं उत्तर सगळ्यांचं एकच येतं. उंबऱ्यावरचीचा. ती घरी आहे, वाटेल तेव्हा उठू शकते, मूल रडलं तर घेऊ शकते, वर मालक उभा नाही. मग कुणीतरी थांबतं. विडीची मजुरी हजारावर मिळते. हजार भरल्या नाहीत तर उठून काय उपयोग? पानं आदल्या रात्री भिजवावी लागतात, म्हणजे दिवस आदल्या रात्रीच सुरू झालेला असतो. कारखान्यात विड्या तपासून घेतात, खराब निघाल्या तर त्या तिच्याच अंगावर. पान वाईट आलं असेल तरीही. मूल रडलं तर ती घेते खरं, पण हात थांबतात आणि तेवढ्या विड्या कमी होतात, म्हणून बहुतेकदा मोठी मुलगी घेते. एका मुलीने सांगितलं, की तिच्या आईला घरी आल्यासारखं कधी वाटतच नाही, कारण ती कुठे गेलेलीच नसते. टॉवेलवाली पाळी संपली की चालू लागते. यंत्र तिच्याबरोबर घरी येत नाही. पण तिला दिवसभर उभं राहायचं असतं, यंत्रमागाच्या आवाजात शेजारणीशी धड बोलताही येत नाही, आणि उंबऱ्यावरच्या बाईला निदान समोरच्या उंबऱ्यावरची दिसते.

इथपर्यंत आलं की ‘दिवस हातात असणं’ म्हणजे काय, हाच प्रश्न उभा राहतो. वेळेवर ताबा, की कामाच्या जागेवर, की काम संपवण्यावर? हा प्रश्न फोटो बघण्याआधी कुणाजवळ नव्हता. दोन फोटो एकमेकांशेजारी आले म्हणून तो सापडला. तुलनेचं खरं काम हेच आहे. सारखेपणा आणि फरक मोजून दोन रकाने भरणं सोपं असतं. मोजायचं कशावर, ते माप शोधून काढणं अवघड असतं, आणि तिथे विचार सुरू होतो.

हे काही परीक्षेच्या सोयीसाठी रचलेलं नाही. हाइनरिख व्योल्फलिन या स्विस कला-इतिहासकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन प्रोजेक्टर शेजारी लावून दोन चित्रं एकाच वेळी दाखवत शिकवण्याची पद्धत रूढ केली. १९१५ साली आलेल्या त्याच्या कलेच्या मूलभूत संकल्पनांवरच्या पुस्तकाचा सगळा डोलारा अशा जोड्यांवर उभा आहे. एकट्या चित्रापुढे माणूस भारावतो किंवा कंटाळतो. दोन आली की त्याला बोलावं लागतं. त्यानंतर शंभरेक वर्षं जगभरचे कलेचे विद्यार्थी असेच शिकत आले. केंब्रिजच्या परीक्षकाला हे ठाऊक असो वा नसो, त्याच्या टेबलावर एक जुनी आणि चांगली कसोटी आहे. म्हणून या प्रश्नाच्या बाजूने मी मनापासून उभा आहे. त्याला बिचकून साचे पाठ करणाऱ्या मुलांची बाजू घ्यायची तर प्रश्न सोपा करून भागणार नाही. त्यांना या प्रश्नापर्यंत नेलं पाहिजे.

आणि सोलापूरच्या मुलाला तिथे पोचणं जड का जावं? या शहरात तुलना पावलोपावली चालते. चादर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दोन चादरी उजेडात धरून वीण बघतं, वजन हातावर तोलतं, रंग जाईल का ते थुंकी लावून तपासतं आणि मग पाच मिनिटं दुकानदाराशी कारणांसकट वाद घालतं. सोलापूरच्या जॅकार्डच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या बायका खरी चादर कोणती ते सांगत आल्या आहेत. भाषेचं तर विचारूच नका. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी वळणाची हिंदी, सिद्धेश्वराच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्यात, अक्कलकोटहून आलेल्या पाहुण्यांशी कन्नड. महापालिकेच्या शाळाच मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांच्या आहेत. कुठल्या माणसाशी कुठल्या भाषेत बोललं की काम होतं, हे इथल्या दहा वर्षांच्या पोराला कळतं. दिवसभर ते पारखतं, ताडतं, निवडतं. पण हे सगळं शाळेच्या फाटकाबाहेर राहतं. आत आलं की त्याने एकच भाषा बोलायची, आणि तीही विचारल्याशिवाय नाही.

मग फोटोच बदला, असा एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. परदेशी परीक्षेत तंबू, कॅफे, संग्रहालय आणि बर्फात घसरणारी माणसं का? ज्या मुलाने आयुष्यात तंबू पाहिलेला नाही त्याने तंबूतल्या माणसाच्या मनातलं काय सांगावं? त्याला विडीचा, यंत्रमागाचा, गड्ड्यातल्या नंदीध्वजांचा फोटो द्या, मग बघा कसा बोलतो. मला हे अर्धंच पटतं. ज्या मुलीची आई विड्या वळते तिच्यापुढे विडीचा फोटो ठेवला की दोनच गोष्टी होतात, असं मी पाहिलं आहे. एक तर ती गप्प होते, कारण तो फोटो तिच्या घराचा आहे आणि तिला चारचौघांत घर उघडं करायचं नसतं. किंवा ती भरभरून सांगते, पण फोटोकडे न बघता. तिला सगळं माहीतच असतं, मग बघायचं कशाला? फोटोतल्या बाईची पाठ ताठ आहे की वाकलेली, ती हसते आहे की फोटो काढणाऱ्याने हसायला सांगितलंय, हे तिच्या नजरेतून निसटतं. तंबूच्या फोटोपुढे मात्र तीच मुलगी मोकळी होते. तिथे तिची अब्रू पणाला लागलेली नसते. ती म्हणते, यांच्या घरी सगळं असणार, म्हणूनच यांना जमिनीवर झोपायची हौस आली. तंबूच्या फोटोवर इतकं नेमकं बोलणं मी परदेशी शिकून आलेल्यांकडूनही ऐकलेलं नाही.

म्हणून सुरुवात ओळखीच्या फोटोंनी करावी आणि तिथे थांबू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. परक्याच्या आयुष्याबद्दल सभ्यपणे आणि पुराव्याने अंदाज करता येणं ही पुढे जन्मभर लागणारी गोष्ट आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच सोलापूरचे. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथल्याच जखमी सैनिकांची सेवा करताना ९ डिसेंबर १९४२ रोजी गेले. वय अवघं बत्तीस. त्यांचे दोन फोटो शेजारी ठेवावेत : इथला कोट-टाय घातलेला तरुण डॉक्टर आणि तिथल्या लष्करी गणवेशातला. काय फरक दिसतो असं विचारलं तर मुलं कपड्यांवर थांबतील. कोणत्या फोटोतला माणूस घरापासून जास्त लांब आहे, असं विचारून बघावं. वर्ग दोन्ही बाजूंनी बोलेल, आणि दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं असेल.

परीक्षेबद्दल माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ती फोटोवर संशय घ्यायला शिकवत नाही. दोन फोटो दिले, ते खरे मानले, आता बोला. बाहेरच्या जगात आपल्यापुढे जे जोडफोटो येतात ते असे निरागस नसतात. आधी आणि आता, त्यांच्या काळात आणि आमच्या काळात, अशा जोड्या रोज मोबाइलवर येऊन पडतात. भीमेवरच्या उजनी धरणाचं उदाहरण घ्या. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला होता, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचा मृतसाठा उपसणं चाललं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरलं. तडे गेलेल्या तळाचा एक फोटो आणि काठोकाठ भरलेल्या पाण्याचा दुसरा. तारखा काढून टाकल्या की या दोन फोटोंवरून हवं ते सिद्ध करता येतं. कुणाचं सरकार चांगलं, कुणाचं वाईट. ऊस दोषी आहे, किंवा नाही. तारखा परत लावल्या की प्रश्न पूर्ण बदलतो : भरलेलं धरण इतक्या खाली जातंच कसं, आणि ते पाणी कोण, कशासाठी नेतं?

सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी हे याहूनही बोलकं उदाहरण. विमानतळाच्या वाटेत येते म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला आणि १५ जून २०२३ रोजी ती पाडली. दोन फोटो, एकात आभाळात चिमणी, दुसऱ्यात मोकळं आभाळ. पाडण्याआधी आणि नंतर शहरात जी भांडणं झाली ती मी ऐकली आहेत. एकाला मोकळ्या आभाळात विमान दिसत होतं, आणि २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हा त्याला आपलं खरं ठरल्यासारखं वाटलं. दुसऱ्याला त्याच मोकळ्या आभाळात सभासद शेतकऱ्याचा ऊस आणि कामगाराची पाळी गेलेली दिसत होती. दोघेही तेच दोन फोटो बघत होते. पण दुसऱ्याला काय दिसतं ते आधी त्याच्याकडून ऐकून घ्यावं, मग आपलं सांगावं, हे कुणीच केलं नाही. सुशिक्षित माणसंही एकमेकांवर आवाज चढवत राहिली. एका मिनिटाच्या परीक्षेत गप्प बसणारी मुलं आणि ही आवाज चढवणारी माणसं मला एकाच शाळेतून आलेली वाटतात.

इथे केंब्रिजच्या त्या परीक्षेतला एक भाग मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याची तयारी कुठलाही क्लास करून घेत नाही. शेजारी बसलेल्या दुसऱ्या उमेदवाराचं ते अर्धं मिनिट. पहिला आपल्या फोटोंवर बोलत असतो तेव्हा दुसऱ्याने मध्ये बोलायचं नसतं, आणि संपल्यावर त्याच फोटोंवर त्याला विचारलं जातं. पहिल्याचं ऐकलेलं असेल तर त्याला काहीतरी जोडता येतं, खोडता येतं. ऐकलेलं नसेल तर तो पुन्हा यादीकडे वळतो. स्वतःचा क्रमांक येईपर्यंत मनात आपलीच वाक्यं घोळवणारा मुलगा इथे लगेच कळतो.

हे सोलापुरातल्या वर्गात आणायला इंग्रजीची, स्मार्ट बोर्डची किंवा पैशाची गरज नाही. याच जिल्ह्यात माढ्याजवळच्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो क्यूआर कोडसारख्या साध्या गोष्टीतून छापील पुस्तक बोलतं केल्याबद्दल. इथे तर तेवढंही नको. वर्तमानपत्रातून कापलेले दोन फोटो पुरतात. वर्गात साठ मुलं असतात, शिक्षकाने एकेकाला ऐकायचं कधी, हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो आणि तो खोटा नाही. साठ जणांचं दीड-दीड मिनिट म्हणजे दीड तास, तोही सलग मिळणार नाही. पण जोड्या केल्या तर तीस मुलं एकाच वेळी बोलतात आणि तीस ऐकतात. शिक्षकाने बाकांमधून फिरावं, रोज चार जोड्या नीट ऐकाव्यात, पंधरवड्यात वर्ग होतो. आधी आपल्या भाषेत, पाचवीपासून त्याच फोटोंवर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. दहावीच्या वीस गुणांपैकी पाच गुण तरी अशा जोडीच्या बोलण्याला ठेवावेत, आणि त्यांतले दोन गुण ऐकणाऱ्याने पहिल्याच्या बोलण्याला काय जोडलं त्यासाठी. आवाज होईल, शेजारच्या वर्गातून तक्रार येईल. मुख्याध्यापकांनी ती तक्रार काही महिने सोसावी, आणि निरीक्षकाने भेट दिली तर त्याच्याही हातात दोन फोटो द्यावेत.